दहापैकी दहा जुळलेली बहीण

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात गेली काही वर्षं माझं प्रवासवर्णन न चुकता येतं. अंदमान झालं, भूतान झालं, केनिया झालं, एकदा तर नॉर्वेसुद्धा झालं. त्यामुळे यंदा कुठे जाऊन आलात या प्रश्नाला मी जालना जिल्हा असं उत्तर दिलं, तेव्हा संपादकबाईंना वाटलं मी चेष्टा करते आहे. तिथे बघण्यासारखं काय आहे, त्यांनी विचारलं. माझी धाकटी बहीण आहे, मी म्हणाले. तिला बघायलाही मी अकरा वर्षांत गेले नव्हते.

गेले ते तिला आणायला. आमचा सगळ्यांत धाकटा भाऊ दत्ता अडतीस वर्षांचा आहे. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. मी तेव्हा लग्न होऊन पुण्यात होते, चोवीस वर्षांची. मी त्याला घेऊन आले, शाळेत घातलं, त्याच्या वह्यांना कव्हरं घातली, त्याच्या टायफॉइडमध्ये उशाशी बसले. मला मूल झालं नाही आणि त्याचं दुःखही फारसं झालं नाही, ते दत्तामुळे. मधली रुक्मा तेव्हा चौदा वर्षांची होती. ती आष्टीजवळच्या आमच्या गावी वडिलांपाशी राहिली, मेंढरं राखत.

गेल्या वर्षी दत्ताला रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनी तो दबला, पण तो पुन्हा डोकं वर काढणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपाय दोन भागांत होता. आधी सगळ्या अंगाला रेडिएशन द्यायचं, म्हणजे हाडांच्या आतला रक्त बनवणारा मगज रिकामा होतो आणि त्यात दडून बसलेल्या वाईट पेशीही जातात. लगेच पाठोपाठ दुसऱ्या माणसाच्या रक्तातून काढलेल्या मूळपेशी सलाइनसारख्या सोडायच्या. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त तयार करू लागतात. रेडिएशन सुरू झाल्यावर मागे फिरता येत नाही, कारण मग त्याचं स्वतःचं रक्त बनणार नसतं आणि त्याचा जीव दुसऱ्याच्या पिशवीवर असतो. ती पिशवी देणारं माणूस शक्यतो सख्खं भावंड असावं लागतं आणि त्याची जुळणी व्हावी लागते.

माझं रक्त पुण्यात घेतलं, रुक्माचं जालन्याहून आलं. माझी जुळणी दहापैकी पाच आणि रुक्माची दहापैकी दहा निघाली. सांगायला लाज वाटते, पण अहवाल वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा हे आलं की रुक्मा चौथीत दोनदा बसली होती. अर्धी जुळणीही अगदी गरज पडली तर वापरता येते, असं डॉक्टर म्हणाले, पण पूर्ण जुळणारी बहीण असताना ती जोखीम कशाला घ्यायची. सगळे खूश होऊन एकमेकांचे हात हातात घेत होते. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

कुंभार पिंपळगाव, पहिली संध्याकाळ

पुणे ते जालना या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. जालन्याच्या स्टँडवर माझ्या मेहुण्यांनी, भानुदासरावांनी, मला शोधून काढलं आणि घनसावंगीच्या बाजूला जाणाऱ्या एका जीपमध्ये बसवलं. जानेवारी होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, मध्ये मोसंबीच्या बागा, आणि हवा अशी कोरडी की पुण्यातून लावून आणलेली क्रीम अंबडपर्यंतही टिकली नाही.

गावात उतरल्या उतरल्या चहाच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "रुक्माबाईच्या बहीन का तुमी?"

आजवर मी कुठेही कुणाची बहीण म्हणून ओळखली गेले नव्हते. दत्ताची आक्का म्हणून लोक मला ओळखतात, ते वेगळं. मी हो म्हटलं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "लै मोठं काम करून राह्यली तुमची बहीन. आमी पेढे खाल्ले ना."

"कसले पेढे?"

भानुदासराव जरा संकोचले. "आमच्या हिचं दहापैकी दहा आलं म्हनून वाटले, आक्का. रिझल्ट लागल्यावर वाटतेत न्हाई का?"

आमच्याकडे पुण्यात कर्करोगाच्या रिपोर्टवर पेढे वाटले असते तर लोकांनी डोक्याच्या डॉक्टरांचा नंबर दिला असता. इथे अर्ध्या गावानं ते आनंदानं खाल्ले होते.

रुक्माचं घर गावाबाहेर, वस्तीवर आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे भलंमोठं सारवलेलं अंगण, एका बाजूला मेंढरांचा वाडा. मी पोचले तेव्हा मेंढरं चरून परत येत होती. रुक्मानं जिभेनं टाळ्याला एक आवाज केला आणि पंचवीस-तीस मेंढ्या एकदम तिच्याकडे वळल्या. माझ्या हाकेला आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा वळत नाही. ती माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी लहान आहे, पण पाठ ताठ, दात सगळे जागेवर, आणि दंड असे की मूळपेशी म्हणे रक्तातून काढतात, हिच्या तर त्या कातडीवरून खरवडून घेता आल्या असत्या.

"आक्का, वाळलीस की गं," ती म्हणाली आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. कडकड आवाज झाला. मलाही तिच्यावरून मोडावीत असं वाटलं, पण माझी बोटं वाजत नाहीत.

जेवणाला बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळत्या फोडणीत सोडलं की दहा मिनिटांत अशी आमटी होते की आमच्या घरची चिंचगुळाची आमटी मला आजारी माणसाची वाटू लागली. त्यात भानुदासराव स्वतः उठून बायकोला कांदा फोडून देत होते. आमचे हे इतक्या वर्षांत कांदा कुठे ठेवलेला असतो तेही शिकलेले नाहीत. एका जेवणात माणसानं किती गोष्टींचा हेवा करावा? मी करत होते आणि दुसरी भाकरीही घेत होते.

मग दत्ताचा व्हिडिओ कॉल आला. फोन माझा होता. तो म्हणाला, "आक्का, पोचलीस? बरं. रुक्माला दे." तिच्याशी तो वीस मिनिटं बोलला. एकेका मेंढराचं नाव घेऊन विचारपूस केली. दत्ताला मेंढरांची नावं माहीत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

फोन परत देताना रुक्माच्या ब्लाउजची बाही वर सरकली आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मला ते दिसलं. दोन ठिपक्यांच्या मधोमध हिरवट अक्षरात "दत्ता". कडेनं खपल्या अजून निघत होत्या.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"गेल्या बाजारी. गोंदायचा मशीनवाला आल्ता."

"कशाला पण?"

तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "एवढा मोठा दवाखाना. किती लोकांच्या पिशव्या असतील तिथं. मपली पिशवी दुसऱ्यालाच लागली मंग? बाजारात मेंढरं मिसळली तर आपन पाठीवरच्या रंगावरून वळखतो का न्हाई? तशी खून करून घेतली. डॉक्टर हात बघल, नाव वाचल, अन् बराबर दत्तालाच लावल."

आमचे आजोबा मेंढरं घेऊन पार गोदावरीपर्यंत फिरायचे. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर काव लावलेली असायची. म्हणजे ती बोलत होती त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त बाजारातला गोंदणारा एकच सुई किती जणांच्या हातांत खुपसतो, याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. त्या सुईतून कावीळ येऊ शकते, त्याहून वाईटही काही येऊ शकतं. आणि रेडिएशननं ज्याच्या अंगातली सगळी प्रतिकारशक्ती पुसून टाकलेली असणार, त्याच्या रक्तात ते थेट जाणार.

आता खरं लिहायचं तर लिहिते. ते गोंदण बघून मला आधी आनंद झाला. फार वेळ नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. ही बाद झाली तर दहापैकी पाचचा नंबर लागेल, असं माझ्या मनात स्वच्छ आलं. त्यानंतर मी घाबरून माझी पर्स मागे सरकवली.

कारण आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. ट्रान्सप्लांटची सगळी जुळवाजुळव बघणाऱ्या मॅडमनी मला देणाऱ्यासाठी सूचनांचा एक कागद दिला होता. दात काढायचे नाहीत, कुठली औषधं घ्यायची नाहीत, टोचवायचं-गोंदवायचं नाही. आजच बहिणीला फोन करून वाचून दाखवा, असं त्यांनी बजावलं होतं. मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि फोन केला नाही. आज नको, उद्या करू, असं करत गेलेच नाही. रुक्माला फोन केला की तीच आता दत्ताला वाचवणार हे मला माझ्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. कागद हातात येऊन दोन आठवडे झाले होते. गेला बाजार त्यातच होऊन गेला.

मोसंबीच्या बागेत पाण्याच्या टाकीवर उभं राहिलं की बरी रेंज येते. तिथे उभी राहून मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना सूचना वाचून दाखवल्या होत्या ना?"

"हो," मी म्हणाले.

"त्यांना द्या जरा."

मी फोन स्पीकरवर टाकून खाली उभ्या असलेल्या रुक्मापुढे धरला. मॅडमचा आवाज चढला होता. "ताई, तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं ना, गोंदवून घ्यायचं नाही? तुमच्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे. ऐकून न ऐकल्यासारखं कसं करता तुम्ही?"

रुक्मानं वर माझ्याकडे पाहिलं. मी टाकीच्या कठड्याकडे पाहिलं.

"माझ्या ध्यानात राह्यलं न्हाई, म्याडम," ती म्हणाली. "चुकलं."

दुसरा दिवस

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. रेडिएशनची ठरलेली तारीख रद्द झाली होती. रुक्मानं पुण्याला यायचं, सगळ्या तपासण्या करायच्या, तीन-चार आठवडे थांबून पुन्हा करायच्या, कारण असलं काही शिरलं असलं तरी ते लगेच सापडत नाही. तोवर दत्ताला औषधांचा आणखी एक फेरा द्यावा लागणार होता. तेवढ्या दिवसांत आजार उठला तर, मी विचारलं. तर मग कठीण, ते म्हणाले, म्हणून प्रार्थना करा. डॉक्टर प्रार्थनेबद्दल बोलू लागले की मला भीती वाटते.

रुक्मा वाड्यात शेळीची धार काढत होती. मी जाऊन समोर उकिडवी बसले. बागेत काढलेले फोटो दाखवायला आले आहे असं दाखवायचा मोह झाला. माझ्या आधीच्या कुठल्याच प्रवासात मला असं कुणासमोर बसावं लागलं नव्हतं.

"रुक्मा, तो कागद मी तुला वाचून दाखवलाच नव्हता."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. धार चालूच होती.

"विसरले नव्हते मी. मुद्दाम..."

"काहून पन?"

"तुझं जुळलं म्हणून."

तिनं शेळीची आचळं पुसली, भांडं उचलून बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडे बघितलं. ती रडली असती किंवा चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं विचारलं, "तू दत्ताला पुन्याला न्यायला आल्तीस, तवा तुझ्या नव्या चपला हरवल्त्या. आठवतं?"

आठवत होतं. मी अनवाणी गाडीत बसले होते. कुत्र्यानं पळवल्या असं सगळे म्हणाले होते.

"म्या टाकल्त्या हिरीत," रुक्मा म्हणाली. "बाबानं कुत्र्याला लै हानलं. म्या बघत व्हते, पन बोलले न्हाई. मला वाटलं, चपला न्हाई म्हनल्यावर तू थांबशील. दत्ताबी थांबल." मग म्हणाली, "तू थांबली न्हाईस. दत्ता तुझाच झाला. आता माझ्या वाट्याला जरा आला तर तुला बघवंना का?"

नाही बघवत, मी म्हणाले. तिथे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"अन् त्याला काई झालं असतं मंग?" आता मात्र तिचा आवाज फाटला. "चपला न्हवत्या आक्का त्या. दत्ता हाय तो."

शेळी माझ्या पदराचं टोक चघळत होती, ते मी सोडवलंही नाही. मग रुक्मा उठली, पदर सोडवून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दत्ताला आत्ता बोलू नको. आजारी मानसाला असलं सांगायचं नसतंय. बरा झाला का मीच सांगन त्याला. ते माझ्याकडं राहू दे."

दुपारी आम्ही निघालो. भानुदासरावांनी पिशवीभर मोसंबी दिली आणि हुरड्याची कणसं भाजून कागदात बांधून दिली. जाताना एक एक करत वस्तीवरच्या बायकांनी रुक्माला कुंकू लावलं. शेवटी एकीनं मलाही लावलं, शेजारी उभी होते म्हणून.

बदनापूर

जालन्याच्या पुढे बदनापूरला बस चहाला थांबली. रोज जा-ये करणाऱ्यांची गर्दी होती. रुक्मानं खिडकीतून पलीकडचं स्टेशन दाखवलं. लग्नानंतर ती एकदाच, एकटीच दत्ताला भेटायला पुण्याला निघाली होती. जालन्याला रेल्वेत बसली आणि इथेच उतरली.

"का उतरलीस?" मी विचारलं.

"आधी फोन केल्ता ना तुला. तू म्हनलीस, त्याची परीक्षा हाय, आत्ता नको येऊ. तरी निघाले, पन हितवर येऊन धीर सुटला."

मला अजिबात आठवत नव्हतं. दत्ताची कुठली ना कुठली परीक्षा कायमच असायची. मी तिला विचारलं, तू हे आधी कधी का बोलली नाहीस. ती हुरडा चोळत होती. दाणे माझ्या तळहातावर ओतून म्हणाली, "खा. थंड झाला का लागत न्हाई."

पुणे

ते चार आठवडे आमच्या घरात रुक्मा राहिली. आमच्या ह्यांना दुसऱ्या आठवड्यात कांदा कुठे असतो ते सापडलं. तिनं काय केलं ते मला ठाऊक नाही. सोसायटीतल्या बायका तिच्याकडून येसर शिकून गेल्या. माझ्याकडून कुणी काही शिकायला आल्याचं मला स्मरत नाही. दत्ताला इस्पितळात बघायला गेलो की तो तिच्याशी आमच्या गावच्या बोलीत बोलायचा. मी एवढी वर्षं खपून घालवलेली ती बोली त्याच्या तोंडात जशीच्या तशी शिल्लक होती. दर तपासणीच्या दिवशी रुक्मा आणि मी एकाच बाकावर बसायचो आणि एकीनंही दुसरीचा हात धरला नाही.

दुसऱ्या तपासण्यांतही काही निघालं नाही. आजारही उठला नाही. पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. रुक्माला रोज इंजेक्शनं सुरू झाली, म्हणजे मूळपेशी हाडांतून रक्तात उतराव्यात. तिची कंबर आणि मांड्या ठणकायच्या. त्याच दिवसांत दत्ताला सकाळ-संध्याकाळ त्या मोठ्या मशीनखाली झोपवत होते. शेवटच्या दिवशी रुक्माला खाटेवर आडवं केलं, दोन्ही हातांत सुया घातल्या, एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, पेशी बाजूला निघायच्या आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत. चार तास तिला कोपर वाकवायचं नव्हतं. मी तिला वरणभात भरवला, नाकावर खाजलं तर खाजवलं, घाम पुसला. मॅडम येऊन बघून गेल्या. मी त्यांना बाहेर गाठून सांगितलं की सूचना मी वाचून दाखवल्या नव्हत्या, चूक हिची नव्हती. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हटलं. ते मी इथे लिहीत नाही, पण सगळं बरोबर होतं.

संध्याकाळी काचेपलीकडून दत्तानं फोनवर विचारलं, "रुक्मा जेवली का?"

"जेवली. मीच भरवलं," मी म्हणाले. मी जेवले का ते त्यानं विचारलं नाही. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

या गोष्टीला आता सात महिने झाले. दत्ता माझ्याकडेच आहे, पुढच्या खोलीत. केस परत आले आहेत, रक्त बनतं आहे, आणि ते रुक्माचं आहे. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून तिचा झाला. रुक्मा मध्ये दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वाट पाहिली की आता ती त्याला सांगेल. तिनं सांगितलं नाही. तो बरा झाला, तरी ती सांगत नाही, आणि मला तिच्या त्या न सांगण्याचाही हेवा वाटू लागला. ते मला सहन होईना, म्हणून मी हे सगळं लिहून काढलं आणि संपादकबाईंच्या आधी दत्ताला वाचायला दिलं.

त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधलं एक पान परत वाचलं. कागद घडी करून मांडीवर ठेवले. मी समोरच उभी होते. त्यानं फोन उचलला, रुक्माला लावला, आणि तिकडून ती बोलायच्या आत उठून खोलीचं दार लावून घेतलं.